योग्या, खेळ आणि वैद्यकशिक्षण

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दृश्यखेळांच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, साहाय्याने शिकवावे, हा विचार अगदी अर्वाचीन व परकीय समजला जातो. त्यातील साधन अर्वाचीन आहे. तत्त्व मात्र तसे नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय ‘योग्यासूत्रीय’ या नावाने ओळखला जातो. शस्त्रकर्म रुग्णावर करण्यापूर्वी छेदनाचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड अशा फळांवर, वेधनाचा कमळाच्या देठावर व मृत पशूंच्या शिरांवर, आणि पट्टबंधनाचा वस्त्राच्या पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. या सरावाचे नाव ‘योग्या’. मराठीतील ‘योग्य’ हा शब्दही त्याच ‘युज्’ धातूचा. ज्याने योग्या केली तोच योग्य, हा अर्थसंबंध लक्षात घेण्याजोगा आहे.

पुतळ्याची ही परंपरा पुढे निराळ्या रूपाने आढळते. 1960 मध्ये नॉर्वेतील लेर्डाल यांनी श्वसन-पुनरुज्जीवनाच्या सरावासाठी ‘रेससी ॲन’ ही बाहुली तयार केली. 2007 मध्ये न्यूयॉर्क येथील रॉसर व सहकाऱ्यांनी 33 शल्यचिकित्सकांची पाहणी प्रसिद्ध केली. आठवड्यास 3 तासांहून अधिक दृश्यखेळ खेळलेल्यांच्या चुका दुर्बिणीद्वारे करावयाच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्क्यांनी कमी भरल्या. तथापि खेळामुळे हात कुशल झाला, की कुशल हात खेळाकडे वळला, याचा निर्णय अशा पाहणीने होत नाही. 2013 च्या कॉक्रेन समीक्षेनेही शैक्षणिक खेळांच्या उपयुक्ततेविषयी बाजूने वा विरुद्ध निर्णय देण्याइतका पुरावा नसल्याचेच नमूद केले.

बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2019 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी देशात क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला. पुढे 2020 च्या नियमांनी महाविद्यालयांत कौशल्यप्रयोगशाळा आवश्यक ठरविली. म्हणजे या संस्थेच्या आरंभापासूनच योग्येचे तत्त्व नव्या वेषात तिच्या वाट्यास आले.

येथे भाषाभ्यासकाने एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पडद्यावरील कल्पित रुग्ण बहुधा इंग्रजीत बोलतो; बारामती-इंदापूरच्या शिवारातून येणारा रुग्ण तसा बोलत नाही. ‘पोटात कळ येते’, ‘दाढ ठणकते’, ‘पाठीत चमक भरली’, ‘पायाला मुंग्या येतात’ हे त्याचे शब्द. कळ थांबून थांबून येते, ठणका नाडीच्या ठोक्यागणिक जाणवतो, चमक एकाएकी उठते, आणि मुंग्या ही तर वेदनाच नव्हे. या चारींची नोंद ‘दुखणे’ अशी एकाच शब्दाने केली, तर निदानाचा धागाच हातातून निसटतो.

हाताची योग्या फळांवर झाली, बाहुलीवर झाली, आता पडद्यावर होत आहे. कानाची योग्या मात्र अद्याप उपेक्षित आहे. या तालुक्यांतील रुग्णांची बोली काळजीपूर्वक टिपून ती अशा खेळांतील रुग्णाच्या मुखी घातली, तर सुश्रुताच्या तत्त्वास एक नवे अंग लाभेल. ते काम वैद्यकाचे जितके आहे तितकेच भाषाविभागाचेही आहे.