गळ्याचे पेच : जुजुत्सू व कुस्ती

निःशस्त्र द्वंद्वात प्रतिस्पर्ध्याची मान हाताने, मनगटाने, खांद्याने, पायांनी किंवा त्याच्याच अंगातील डगल्याच्या गळपट्टीने आवळून त्यास हार पत्करावयास लावणाऱ्या पकडींना गळ्याचे पेच म्हणतात. जपानी जुजुत्सूमध्ये, तिच्यातून निघालेल्या ज्यूदोमध्ये आणि ब्राझीलमध्ये वाढलेल्या जुजुत्सूच्या शाखेमध्ये या पेचांना महत्त्वाचे स्थान आहे. भारतीय कुस्तीत मात्र ते निषिद्ध होत. उताण्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर काटकोनात आडवे पडून त्यास जखडावयाचे आणि त्या अवस्थेतून त्याचा गळा आवळावयाचा, ही या पेचांची एक प्रमुख शाखा होय. कुस्तीत प्रतिस्पर्धी उताणा पडला, की कुस्ती संपते. जुजुत्सूत खरे काम तेथून पुढे सुरू होते. या एका फरकामुळे दोन्ही विद्यांतील जमिनीवरील डावांचा विकास निरनिराळ्या दिशांनी झाला.

आडवी पकड व तिच्यातून होणारी पेचाची मांडणी : या अवस्थेस ज्यूदोत ‘योको-शिहो-गातामे’ असे नाव आहे. योको म्हणजे बाजू, शिहो म्हणजे चार दिशा व गातामे (मूळ कातामे) म्हणजे जखडणे. वरचा खेळाडू आपली छाती प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर आडवी टेकवितो, एक हात त्याच्या मानेखालून घालतो आणि दुसऱ्या हाताने व गुडघ्याने त्याची कंबर अडवितो. येथे वजन हातांवर किंवा गुडघ्यांवर न पेलता छातीच्या मार्गाने खालच्याच्या बरगड्यांवर सोडावयाचे असते. खालच्या खेळाडूस कंबर वळविता आली, तर त्याचा गुडघा मध्ये येतो व पकड सुटते. म्हणून गळ्याकडे जाण्यापूर्वी कंबर निकामी करणे, हा या मांडणीचा पहिला नियम आहे. नवशिक्या खेळाडू घाईने गळ्यास हात घालतो आणि मिळालेली जागा गमावून बसतो.

पुढील सर्व मांडणी खालच्याच्या हालचालींवर अवलंबून असते. छातीवर भार आला, की तो स्वाभाविकपणे वरच्याच्या गळ्याला किंवा जबड्याला हाताने रेटू लागतो. या रेटण्यात त्याचे कोपर बरगड्यांपासून सुटते. ते सुटलेले कोपर त्याच्याच तोंडावरून पलीकडे ढकलून वरचा खेळाडू आपले डोके त्याच्या दंडाशी टेकवितो, मानेखालील हाताने मान व दंड यांना एकत्र वेढतो आणि आपल्या दोन्ही हातांची पकड बांधतो. मानेच्या एका बाजूस वरच्याचा दंड व दुसऱ्या बाजूस खालच्याचा स्वतःचाच खांदा, अशी चिमट निर्माण होते. अंगात डगला असल्यास दुसरा मार्ग उपलब्ध असतो. एक हात प्रतिस्पर्ध्याच्या जवळच्या काखेतून नेऊन मानेमागची गळपट्टी घट्ट धरावयाची. दुसऱ्या हाताचा अंगठा पलीकडच्या गळपट्टीच्या आत घालून कोपर हळूहळू जमिनीकडे उतरवावयाचे. मनगटाकडील हाड मानेवर येते व गळपट्टी दोरीप्रमाणे आवळली जाते. पहिली पकड निर्धोक दिसते, म्हणून खालचा खेळाडू तिच्याकडे दुर्लक्ष करतो; दुसरी पकड ध्यानात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

परिणाम कसा होतो : गळ्याचा पेच दोन प्रकारे काम करतो. मानेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या ग्रीवा रोहिण्यांवर दाब पडला, तर मेंदूचा रक्तपुरवठा घटतो व सु. १० सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. दाब तत्काळ सोडल्यास सामान्यतः काही सेकंदांत शुद्ध परत येते. श्वासनलिकेवर समोरून येणारा दाब मात्र वेदनादायक व अधिक धोक्याचा असतो, कारण त्याने स्वरयंत्राच्या कूर्चांना इजा होऊ शकते. म्हणून कसलेले शिक्षक मानेच्या बाजू आवळावयास शिकवितात, गळघाटी दाबावयास नव्हे. बेशुद्ध झालेल्यास सावध करण्याची ‘कात्सु’ नावाची एक जुनी उपचारपद्धतीही जपानी परंपरेत पेचांबरोबरच शिकविली जात असे. शरण आल्याची खूण म्हणून जमिनीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर हात थोपटण्याची प्रथा या विद्येत पडली. गळा आवळला असता तोंडातून शब्द फुटत नाही, हे लक्षात घेता या साध्या खुणेवाचून असा डाव रोजच्या सरावात आणणे अशक्यच झाले असते.

जपानमधील विकास : जुजुत्सूच्या जुन्या संप्रदायांपैकी तेंजिन शिन्यो संप्रदायात गळा आवळण्याच्या पेचांवर विशेष भर असे. ज्यूदोचा जनक कानो जिगोरो (१८६०–१९३८) याने या संप्रदायाचे व कितो संप्रदायाचे शिक्षण घेतले होते. त्याने १८८२ मध्ये टोकिओतील एका बौद्ध मंदिरात कोदोकान ही संस्था स्थापन केली. जखडण्याच्या विद्येचा जो नमुनापाठ कोदोकानमध्ये बसविण्यात आला, त्यात पाच धरून ठेवण्याच्या पकडी, पाच गळ्याचे पेच व पाच सांध्यांचे पेच आहेत. आडवी पकड त्यातील पहिल्या गटात येते. तथापि कानोचा ओढा उभ्याने फेकण्याच्या डावांकडे अधिक होता. फुसेन संप्रदायाचा तानाबे मातायेमोन (१८६९–१९४६) हा जमिनीवरील झुंजीत निष्णात होता. त्याच्यापुढे कोदोकानच्या काही खेळाडूंना हार पत्करावी लागली आणि जमिनीवरील कसबाकडे केलेले दुर्लक्ष कोदोकानच्या ध्यानी आले.

या कसबाला खरा बहर आला तो विद्यार्थ्यांच्या सामन्यांत. क्योटो इंपीरियल विद्यापीठाच्या पुढाकाराने १९१४ पासून उच्च विद्यालयांचे सांघिक सामने भरू लागले. त्यांत फेक न करताही प्रतिस्पर्ध्यास जमिनीवर ओढण्याची मुभा होती. उभ्याने फेकण्याचे कौशल्य अंगी येण्यास वर्षे लागतात. त्या मानाने जमिनीवरील पकडी लवकर साधतात. थोड्या वर्षांत संघ तयार करावयाचा असल्याने विद्यार्थ्यांनी सोयीचा मार्ग धरला आणि त्यातून अनेक नवे पेच निपजले. पायांच्या त्रिकोणात मान व एक हात आवळण्याचा प्रसिद्ध पेच याच वातावरणात रूढ झाला. कोदोकानने १९२५ मध्ये आपल्या सामन्यांत जमिनीवर जाण्यावर निर्बंध घातले. विद्यार्थ्यांचे सामने मात्र जुन्याच नियमांनी चालू राहिले.

भारतीय परंपरा : मल्लविद्येचे उल्लेख महाभारतापासून आढळतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानसोल्लास या ग्रंथात मल्लविनोद वर्णिला असून मल्लांचे ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल असे वर्ग दिले आहेत. आजच्या मराठवाड्याचा बराचसा भाग या राजघराण्याच्या सत्तेखाली होता, म्हणून या प्रदेशाच्या दृष्टीने त्या वर्णनाला विशेष मोल आहे. गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांच्या परंपरेतील मल्लपुराण हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीत दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांत संपादिलेला व्यायाम ज्ञानकोश (१९३६–४९) हा कुस्तीच्या अभ्यासकास आजही चाळावा लागतो.

परंपरेने कुस्तीचे चार प्रकार मानले आहेत : बळावर भर देणारी भीमसेनी, चापल्य व युक्ती यांवर आधारलेली हनुमंती, प्रतिस्पर्ध्याचे अवयव जखडून त्यास शरण आणणारी जांबुवंती आणि अवयव मोडण्यापर्यंत जाणारी जरासंधी. ही नावे पुराणांतून घेतलेली आहेत. त्यांना चार स्वतंत्र संप्रदायांचा ऐतिहासिक पुरावा समजणे योग्य होणार नाही. तरीही जखडून शरण आणण्याची कल्पना भारतीय मल्लांना परकी नव्हती, एवढे त्यांवरून निश्चित दिसते. जुजुत्सूतील आडव्या पकडीचे नाते जोडावयाचेच, तर ते जांबुवंतीशी जोडावे लागेल. लाल मातीवरील प्रचलित कुस्तीत हा प्रकार मागे पडला व भीमसेनी आणि हनुमंती यांचेच मिश्रण उरले.

असे का झाले, याचे उत्तर चीत करण्याच्या नियमात सापडते. जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात असलेले टेंभुर्णी व त्याच्या आसपासची गावे १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात मोडत. महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली स्पर्धा १९६१ मध्ये याच जिल्ह्याच्या ठाण्याला, औरंगाबादला (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) झाली व तीत दिनकर दह्यारी विजयी झाले. गावच्या यात्रेतील नारळावरची कुस्ती असो, की किताबाची, पाठ मातीला लागली की निकाल लागतो. त्यामुळे कुस्तीतील खालचा मल्ल उताणा राहूच शकत नाही; तो पालथा पडतो, हातपाय पसरून मातीला चिकटतो. वरचा त्याच्यावर सवारी करतो, मान दाबतो, बगलेतून हात घालून त्यास उलटविण्याची खटपट करतो. मराठी मल्लांचे जमिनीवरील सारे कसब या उलटविण्यात खर्ची पडले आहे आणि त्यात त्यांनी जी विविधता साधली, ती जुजुत्सूत आढळत नाही. छातीवर आडवे पडून पुढे काय करावयाचे, हा प्रश्नच त्यांच्यापुढे कधी आला नाही. हजारो प्रेक्षकांच्या गलक्यात, ढोल-हलगीच्या आवाजात शरणागतीची खूण पंचास दिसेल याची शाश्वती नसते. गळ्यास हात न घालण्याचा दंडक या दृष्टीनेही शहाणपणाचा होता, असे मानण्यास जागा आहे.

या नियमाची मर्यादा लंडन येथे १० सप्टेंबर १९१० रोजी जगापुढे आली. गामा व पोलिश मल्ल स्टॅनिस्लॉस झ्बिस्को यांची कुस्ती पाश्चात्त्य मुक्त पद्धतीच्या नियमांनी झाली. त्यातही गळा आवळण्यास बंदी होती. झ्बिस्को सुरुवातीसच खाली गेला व सु. अडीच तास बहुतेक वेळ पालथा पडून राहिला. गामाचे सामर्थ्य वादातीत असूनही कुस्ती अनिर्णित सुटली. पालथ्या पडलेल्याची मान मागून सर्वांत उघडी असते. जुजुत्सूच्या नियमांत असा बचाव काही मिनिटेही टिकला नसता. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याच मल्लास एका मिनिटाच्या आत चीत केले.

 रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून ताकागाकी शिंझो हा कोदोकानचा शिक्षक १९२९ मध्ये शांतिनिकेतनात आला व तेथे त्याने ज्यूदो शिकविला. तथापि आखाड्यांच्या शिक्षणक्रमावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. ज्यूदोचा प्रसार पुढे मुख्यतः पोलीस, सैन्य व क्रीडासंस्था यांच्याद्वारे झाला.

ब्राझीलमधील शाखा : कोदोकानचा माएदा मित्सुयो (१८७८–१९४१) हा अनेक देशांत झुंजी खेळत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला व बेलेम येथे स्थायिक झाला. त्याच्या परंपरेत शिकलेला कार्लोस ग्रेसी (१९०२–९४) आणि त्याचा धाकटा भाऊ एलियो ग्रेसी (१९१३–२००९) यांनी जमिनीवरील झुंजीला केंद्रस्थानी आणले. एलियोने सप्टेंबर १९५१ मध्ये जपानी ज्यूदोपटू कातो युकिओ याला गळा आवळून बेशुद्ध केले. पुढच्याच महिन्यात, २३ ऑक्टोबर रोजी रिओ दे जानेरो येथील माराकाना क्रीडागारात किमुरा मासाहिको याने एलियोला हरविले. किमुराने त्यास जमिनीवर जखडून धरले व अखेर त्याचा हात पिरगळला. एलियो शरण येईना, तेव्हा त्याच्या बाजूने झुंज थांबविण्यात आली. हाताचा तो पेच ब्राझीलमध्ये ‘किमुरा’ या नावानेच ओळखला जाऊ लागला. हरविणाऱ्याचे नाव हरलेल्यांनी आपल्या परिभाषेत जतन करावे, ही क्रीडेच्या इतिहासातील दुर्मिळ गोष्ट होय.

ब्राझीलच्या जुजुत्सूत जखडून धरल्याबद्दल विजय मिळत नाही. खालच्याचे पाय ओलांडून आडव्या पकडीत स्थिरावल्यास तीन गुण मिळतात; नंतर केवळ पडून राहिल्याचा काही लाभ नाही. साहजिकच या अवस्थेतून शरण आणण्याचे मार्ग तेथे झपाट्याने वाढले. ज्यूदोत याउलट २०१३ पासून २० सेकंद जखडून धरल्यास पूर्ण विजय मिळतो (एके काळी ही मुदत ३० सेकंद होती). मग आडव्या पकडीतील ज्यूदोपटू गळ्याकडे वळण्याचा धोका कशाला पत्करील? मान व दंड एकत्र वेढण्याची वर वर्णिलेली पकड हे याचे उत्तम उदाहरण आहे. ज्यूदोत तिला ‘काता-गातामे’ म्हणतात व तिची गणना धरून ठेवण्याच्या पकडींत होते, गळ्याच्या पेचांत नव्हे. तेथे खांदा व मान जखडून मुदत भरण्याची वाट पाहतात. ब्राझीलच्या आखाड्यांत हातापायांची तीच रचना गळ्याचा हुकमी पेच म्हणून शिकविली जाते. फरक पडतो तो शेवटच्या आवळण्याने आणि शरीराचा कोन थोडा बदलल्याने. पकड एकच असून तिचे शास्त्र दोन ठिकाणी दोन निरनिराळ्या प्रकरणांत लिहिले गेले आहे.

जाकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत जुजुत्सूचा प्रथमच समावेश झाला. ऑलिंपिक कुस्तीच्या मुक्त व ग्रीक-रोमन या दोन्ही पद्धतींत गळा आवळणे आजही निषिद्ध आहे. ज्यूदोत ते प्रौढांना मान्य असले, तरी अनेक देशांत लहान मुलांच्या स्पर्धांतून वगळलेले आहे. शरण येण्याची खूण न करता खेळाडू बेशुद्ध झाल्यास पंच झुंज तत्काळ थांबवितो आणि प्रतिस्पर्ध्यास विजयी घोषित करतो.