"छे हो, कधीतरी!"

परवा भाच्याला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले होते. बीपी बघता बघता त्यांनी सहज विचारलं, "आठवड्यातून किती वेळा घेता? आणि एका वेळेला किती?" भाच्याने जेवणाच्या वेळा सांगाव्यात तसं सांगून टाकलं. अवघडले ती मीच. मला दादा आठवला.

दादा पीत असे. पोटात जळजळ, झोप नाही, सकाळी हात थरथरणं... वर्षानुवर्षं आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. गोळ्या मिळाल्या, पण प्रश्न कुणी विचारला नाही. १९७९ साली एकदाच डॉक्टर म्हणाले, "दारू पिता का?" दादा खाली बघत राहिला. मीच घाईघाईने म्हणाले, "छे हो, कधीतरी!" डॉक्टरांनाही सुटल्यासारखं झालं असावं. विषय संपला. दोन वर्षांनी दादाही.

आम्ही गप्प का होतो? आमची पिढी १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या सावलीत वाढली. पिणं हा गुन्हा. प्रकृतीच्या कारणाने परवाना हवा असेल तर डॉक्टरांचा दाखला. म्हणजे डॉक्टरांपुढे दारूचं नाव काढायचं ते दाखल्यासाठी, नाहीतर लपवायचं. कायदा पुढे सैल झाला, पण आमच्या जिभेवरचं कुलूप तसंच राहिलं.

खरं तर थॉमस ट्रॉटर या स्कॉटिश आरमारी डॉक्टरने १८०४ मध्येच पुस्तक लिहून दारूचं व्यसन हा मनाचा आजार आहे असं मांडलं होतं. १९७७ साली लंडनच्या ग्रिफिथ एडवर्ड्स यांनी शंभर विवाहित व्यसनी पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना कित्येक महिने उपचार दिले, बाकीच्यांना बायकोसह समोर बसवून एकदाच स्पष्ट सल्ला. वर्षाअखेर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा साल बघून पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या "छे हो"च्या दोनच वर्षं आधीचं.

पुढे १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साध्या दवाखान्यांसाठी दहा प्रश्नांची यादी काढली. तिचा पहिला प्रश्न "पिता का?" असा नाही, "किती वेळा पिता?" असा आहे. पहिल्यात आरोप वाटतो, दुसऱ्यात फक्त हिशोब. आपल्या शेजारच्या गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिकवून तयार केलेले समुपदेशक अशा रुग्णांशी जास्तीत जास्त चार वेळा बोलले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले २६ टक्के. फार मोठा फरक नाही, पण शंभरात दहा घरं म्हणजे थोडी का?

दादा वाचला असता असं मी म्हणत नाही. त्याची दारू फार पुढे गेली होती. पण तो प्रश्न त्याला विचारला होता, मला नव्हे.

असो. तुमच्या माणसाला डॉक्टर काही विचारतील तेव्हा कृपा करून मधे बोलू नका. त्याला उत्तर देऊ द्या.