मानवंदना कोणाला?

राष्ट्रपती पुण्यात येणार म्हटले की एक मत हमखास ऐकू येते, आणि ते मांडणारे अविचारी नसतात. त्यांचे म्हणणे असे : राष्ट्रपतिपद नामधारी. संचलने, मानवंदना आणि वाहनांचा ताफा हा व्हाइसरॉयच्या थाटाचा अवशेष. त्यापायी लोहगाव विमानतळ ते खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, शहर वेठीला का धरायचे? भाषण काय, पडद्यावरूनही होईल.

रस्त्यांची तक्रार आधी घेतो, कारण ती खरी आहे. जून २०२१ मध्ये कानपुरात तत्कालीन राष्ट्रपतींच्या ताफ्यासाठी रोखलेल्या वाहतुकीत एक आजारी महिला अडकली आणि दगावली. पोलीस आयुक्तांना जाहीर माफी मागावी लागली. याचे समर्थन होऊच शकत नाही. पण हा दोष बंदोबस्ताचा. रस्ता किती आधी अडवायचा, रुग्णवाहिकेला वाट कशी द्यायची, शक्य तिथे हेलिकॉप्टर का वापरू नये, हे सारे सुटण्याजोगे प्रश्न आहेत. बंदोबस्त चुकला म्हणून समारंभच नको, हे कुठले तर्कशास्त्र?

थाट उसना आहे, हेही मान्य. पण इंग्रजांच्या त्याच सैन्याची फाळणी होऊन भारत आणि पाकिस्तान या दोघांनाही तीच कवायत, तेच बँड, तीच शिस्त मिळाली. तिकडे १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये सेनापतींनी सत्ता घेतली. इकडे एकदाही नाही. केवळ संचलनामुळे हे घडले, असा माझा दावा नाही. मात्र सलामी घ्यायला मंचावर कोण उभे आहे, यावरून सैन्य कोणाच्या आज्ञेत आहे हे कळते. थाट जुना राहिला, मालक बदलला.

आता ‘नामधारी’ हा मुख्य आक्षेप. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५३ ने संरक्षण दलांचे सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे दिले आणि अनुच्छेद ७४ ने त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधले. टीकाकार याला पोकळपणा म्हणतात. मला यात घटनाकारांची दूरदृष्टी दिसते. ज्या व्यक्तीला स्वतःच्या लहरीने एक तुकडीही हलवता येत नाही, तिलाच सारे सैन्य वंदन करते. मग ती मानवंदना व्यक्तीला की घटनेला?

३० नोव्हेंबर २०२३ आठवा. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या १४५व्या तुकडीच्या दीक्षांत संचलनाची पाहणी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी केली. मयूरभंजच्या संथाळ कुटुंबात जन्मलेली, निवडून आलेली एक नागरिक स्त्री मंचावर आणि समोरच्या संचलनात, प्रबोधिनीच्या इतिहासात प्रथमच, छात्र मुली. व्हाइसरॉयच्या दरबारात हे दृश्य कुणी कल्पिले असते? दुसऱ्याच दिवशी त्यांनी सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाला राष्ट्रपती निशाण प्रदान केले. निशाण पडद्यावरून देता येते? आयुष्य पणाला लावायला निघालेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलांना, आपण कोणाच्या नावाने लढणार, हे समोरासमोर दिसू नये का?

शिवाय प्रबोधिनीचे हे संचलन वर्षातून दोनदा होते आणि बहुतेक वेळा पाहणीला सेनाधिकारीच असतात. राष्ट्रपती येतात ते क्वचित.

वाचकहो, निवाडा तुमचा. ताफ्यातल्या गाड्या कमी करा, रुग्णवाहिका एक क्षणही अडवू नका, ही मागणी जरूर करा. तिच्यावर माझीही सही घ्या. राष्ट्रपतींनी खडकवासल्याला येऊच नये, ही मागणी मात्र फेटाळून लावा.