कासवाचे कूळ

प्राथमिक शाळेत कोडिंग हवे, कारण पुढे नोकऱ्या त्यातच आहेत, असे पालकांना आज सांगितले जाते. या शिक्षणाचे कूळ मात्र नोकरीच्या बाजारात सापडत नाही. ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा १९६७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत घडली. ती घडवणाऱ्यांत वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमोर पेपर्ट होते. पेपर्ट गणितज्ञ, मूल विचार कसे करते याचा शोध घेणाऱ्या झाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी जिनिव्हात काम केले होते. सुरुवातीच्या लोगोत चित्रे नव्हतीच, शब्दांचे आणि आकड्यांचे खेळ होते. जमिनीवर फिरून पेनाने रेघ ओढणारे यांत्रिक कासव नंतर आले. मेंदूचे ब्रिटिश अभ्यासक ग्रे वॉल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये केलेली विजेची कासवे हे त्याचे पूर्वज.

या कासवाची खरी करामत त्रिकोणात दिसते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल प्रत्येक बाजूनंतर ‘राइट ६०’ असा हुकूम देते आणि कासव षटकोनाच्या वाटेला लागते. मग मुलाने स्वतः तसे चालून पाहायचे. वळावे लागते ते बाहेरच्या कोनातून, १२० अंशांत. तीन वळणांत ३६० अंशांचा फेरा पुरा होतो. इथे चुकीवर लाल फुली पडत नाही, ती वाचून दुरुस्त करता येते. अक्षरओळख नसलेल्या मुलांनाही हे जमावे म्हणून रेडिया पर्लमन यांनी १९७० च्या दशकात एमआयटीत बटणांचा आणि कार्डांचा संच तयार केला. नुसते प्रोग्रामर घडवायचे असते, तर इतका खटाटोप कोणी केला असता?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातून आला. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ मध्ये दाखवले, की वर्षभर लोगो शिकलेली मुले वर्गातल्या कामांचे नियोजन करण्यात इतरांपेक्षा सरस ठरली नाहीत. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. कोडिंगने बुद्धी आपोआप धारदार होते, हा दावा त्याने निकालात निघतो आणि तो निघालाच पाहिजे. पण कासवामागे चालताना मुलाला कोन उमगतो, याला त्याने बाध येत नाही. तिथे मुलाला थांबवून ‘कासव असे का वळले?’ असे विचारणारा शिक्षक मात्र हवा. म्हणून शाळेने कोडिंगच्या तासिकेआधी त्या शिक्षकाच्या तयारीवर पैसा आणि वेळ खर्च करावा.