आठ अध्यक्षांचा बटलर
अमेरिकेचे अध्यक्ष चार किंवा आठ वर्षांनी व्हाइट हाउस सोडतात. तेथील नोकरवर्ग मात्र सहसा तोच राहतो. शपथविधीच्या दिवशी काही तासांत एका कुटुंबाचे सामान हलवून दुसऱ्याचे लावून देण्याचे कामही त्यांचेच.

युजीन ॲलन हे यांपैकीच एक. व्हर्जिनियात १९१९ मध्ये जन्मलेले हे कृष्णवर्णीय गृहस्थ १९५२ मध्ये ट्रुमन यांच्या काळात कामाला लागले, ते भांडी धुण्यासाठी व चांदीची उपकरणे चकचकीत ठेवण्यासाठी. त्या वेळी त्यांच्या राज्यात कृष्णवर्णीयांना सार्वजनिक स्वच्छतागृहेदेखील वेगळी होती. पुढे ते बटलर झाले. वर्णभेदविरोधी कायद्यांवरील खल ज्या वास्तूत झाला, तेथेच ते मुकाट्याने ताटे मांडत होते. केनेडी यांच्या अंत्यविधीचे निमंत्रण १९६३ मध्ये मिळूनही ते गेले नाहीत. परतणाऱ्या मंडळींची व्यवस्था पाहणारे कोणीतरी हवे होते.

निवृत्तीच्या वर्षी, १९८६ मध्ये, ते भोजनगृहाचे प्रमुख होते. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या सन्मानार्थ झालेल्या शाही भोजनाला नॅन्सी रेगन यांनी त्यांना सपत्नीक पाहुणे म्हणून बोलावले. त्या रात्री त्यांना वाढणारे त्यांचेच सहकारी होते.

बराक ओबामांचा २००९ मधील शपथविधी त्यांनी पाहिला. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले.