देवालय आणि मसणवटा : चांदा मुलुखातील अंत्यस्थानांचा इतिहास

भद्रावती म्हणजेच जुने भांदक. श्रीभद्रनागाचे स्थान, विजासनची बौद्ध लेणी, श्रीपार्श्वनाथाचे जैन मंदिर आणि तलावातील प्राचीन दगडी पूल यांमुळे आपल्या गावाचे नाव इतिहासात चिरस्थायी झाले आहे. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने अशा स्थानांविषयी बरेच लिहिले जाते. परंतु गावाचे आणखी एक सार्वजनिक स्थान असते, ज्याची वाट प्रत्येकास एकदा चालावी लागते. ते म्हणजे मसणवटा. त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून या अल्पशा लेखात आपल्या मुलुखातील अंत्यस्थानांचा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

विदर्भातील ज्ञात दफनभूमी फार पुरातन आहेत. नागपूरजवळील जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा या ठिकाणी सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची शिळावर्तुळे आढळतात. मृताला पुरून त्याभोवती मोठे धोंडे वर्तुळाकार मांडीत. डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली माहुरझरी येथे १९७० नंतर झालेल्या उत्खननात माणसांबरोबर घोड्यांचेही अवशेष व त्यांचे तांब्याचे अलंकार मिळाले. आपल्या बाजूस चामोर्शी व चिमूर तालुक्यातील हिरापूर येथेही अशा महाशिळा आहेत. भामरागडकडील माडिया बांधव आप्ताच्या स्मरणार्थ दगड उभा करतात. घर राहिले नाही तरी पूर्वजांचा दगड उभा राहावा, ही भावना या भूमीत किती खोल रुजली आहे हे यावरून दिसते.

चांद्याच्या गोंड राजांनी शहराभोवती भव्य तट बांधला. त्यास जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार दरवाजे असून हनुमान, विठोबा, बगड, चोर व मसण अशा पाच खिडक्या आहेत. यांतील मसण खिडकीचे नावच बोलके आहे. शत्रूला रोखण्यासाठी तट बांधताना प्रेत बाहेर नेण्याच्या वाटेचाही विचार झाला. नगररचना कशाला म्हणावे, याचा हा एक धडाच होय. पुढे ढासळत चाललेल्या या तटाची स्वच्छता २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने केली, ही समाधानाची गोष्ट.

अंचलेश्वर मंदिराच्या लगत गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत राजा वीरशहाची समाधी सर्वांत मोठी व देखणी. इ. स. १७०४ मध्ये आपल्याच अंगरक्षकाच्या हातून त्याचा वध झाला, असे परंपरा सांगते. राणी हिराईने दुःख गिळून चंदनखेड्याच्या घराण्यातील रामशहास दत्तक घेतले व त्याच्या वतीने राज्य सांभाळले. हे चंदनखेडा आपल्याच भद्रावती तालुक्यातील. वीरशहाची समाधी हिराईने उभारली आणि महाकालीच्या मंदिराचे कामही तिच्याच नावावर सांगितले जाते. म्हणजे देवाचे घर आणि मृताचे घर ही दोन्ही कामे एकाच माउलीने केली. एक पुण्याचे व दुसरे अशुभाचे, असा भेद तिने मानला नाही.

राजांच्या समाध्यांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण लाभले. सामान्य रयतेच्या मसणवट्यास मात्र तसे कोणी नाही. आपल्याकडे दहन करणारे आहेत, तसेच पुरणारेही आहेत. गोंड समाजात दफनाची रूढी जुनी. लिंगायत, गोसावी, मुसलमान, ख्रिस्ती बांधवही मातीच देतात, आणि तान्ह्या लेकरास तर सर्वच पुरतात. त्यामुळे गावास दोन्ही प्रकारची जागा लागते. कायद्यानेही हे ओळखले आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात दहन-दफनभूमीचा विषय पंचायतीकडे दिलेला आहे, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने अशी जागा राखणे हे परिषदेचे आवश्यक कर्तव्य ठरविले आहे.

तरीही पुष्कळ गावांत चित्र निराळेच दिसते. मंदिरास कळस चढतो, पण मसणवट्याच्या वाटेवर पावसाळ्यात गुडघाभर चिखल. शेड नाही, म्हणून ओल्या लाकडांवर सरण रचावे लागते. शेताचा धुरा दरवर्षी हातभर पुढे सरकतो आणि थडग्यावरचा दगड बांधात जातो. त्याहून खेदाची गोष्ट ही की, कित्येक ठिकाणी जातीजातींचे मसणवटे वेगळे आहेत. ज्या गावात एका विहिरीचे पाणी सर्वजण पितात, तेथेही सरण वेगळे असावे, हे देवाला कसे रुचेल?

जीर्णोद्धार म्हणजे जुने झालेले पुन्हा उभे करणे. त्यासाठी वर्गणी, श्रमदान व एकोपा लागतो, आणि हे तिन्ही आपल्या लोकांत आहे. मंदिराचे काम पूर्ण झाल्यावर त्यातील थोडे बळ मसणवट्याकडे वळावे. हद्दीची मोजणी व्हावी, चार झाडे लागावीत, पाण्याची सोय व्हावी आणि ती वाट सर्वांसाठी एक असावी. हिराईच्या मुलुखातील लेकरांना हे अशक्य नाही. तशी सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीभद्रनागस्वामींच्या चरणी प्रार्थना.