हेमिस उत्सव
लडाखमधील बौद्धांचा एक प्रसिद्ध उत्सव. लेहच्या आग्नेयीस सु. ४५ किमी.वरील हेमिस या द्रुक्पा पंथाच्या मठात तो तिबेटी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील दशमी-एकादशीस, गुरू पद्मसंभव यांच्या जन्मस्मरणार्थ भरतो. प्रांगणात मुखवटे धारण केलेले लामा लांब कर्णे, झांजा व ढोल यांच्या साथीवर छम नृत्य करतात; अखेरीस पिठाच्या प्रतिमेचे तुकडे करून दुष्प्रवृत्तींचा नाश सूचित केला जातो. लडाखमधील बहुतेक मठोत्सव हिवाळ्यात होतात. हा मात्र उन्हाळ्यात, खिंडी खुल्या असताना येतो. त्यामुळे १९७४ मध्ये लडाख पर्यटकांस खुले झाल्यावर बाहेरील प्रेक्षक येथे मोठ्या संख्येने येऊ लागले. तथापि छम ही करमणूक नसून पूजाविधी आहे. दर बारा वर्षांनी, वानरवर्षी, पद्मसंभवांचे भव्य पटचित्र (थंका) दर्शनार्थ उलगडतात. २०१६ मध्ये असे दर्शन झाले.